हरेल तो पिसेल

सत्तरी ओलांडल्यावर तुम्ही पत्त्यांची जादू शिकायला काऊन बसले, असं मला पुष्कळांनी विचारलं. कोणाला वाटतं वेळ जात नसेल. कोणाला वाटतं बोटं चालती राहावी म्हणून डॉक्टरनं सांगितलं असेल. तसलं काही नाही. मला राग आला होता म्हणून शिकलो.

देवळीला माझ्या साळ्याच्या, म्हणजे बायकोच्या भावाच्या, नातीचं लग्न होतं. आजकाल लग्नात लहान पोरांची करमणूक म्हणून जादूगार बोलावतात, तसा एक आला होता. पंचविशीचा, अंगात चमकीचा कोट, तोंडानं चुरचुरीत. लग्न लागायला उशीर होता, म्हणून तो खुर्च्यांच्या रांगांमधून फिरत होता. माझ्यापुढे येऊन त्यानं पत्ते पंख्यासारखे उलगडले आणि म्हणाला, "बाबाजी, एक पान ओढा. तुम्ही पाहा, मले दाखवू नका." मी ओढलं. बदामाची अठ्ठी. परत ठेवलं. त्यानं पत्ते पिसले, फुंकर मारली आणि माझ्या टोपीखालून बदामाची अठ्ठी काढली. लोक हसले, मीही हसलो. इथवर काही वाईट नव्हतं.

मी म्हटलं, "पुन्हा एकडाव कर."

"जादू दोनदा होत नसते, बाबाजी."

"मंग कशी केली थे सांग."

तो माझ्याकडे पाहून नाही, आजूबाजूच्या लोकांकडे पाहून बोलला. "सांगतलं तरी तुमाले काय समजन? याले डोकं लागते आन् हात लागते. तुमचं वय झालं आता. तुम्ही टाळ्या वाजवा."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या साळ्यानंही वाजवल्या.

मी तिसरीपर्यंत शिकलो. डोक्याबद्दल कोणी काही म्हटलं तर मी ऐकून घेतो, कारण डोकं आहे असं सांगणारा कागद माझ्याजवळ नाही. पण हात? चाळीसाच्या वर हंगाम मी कापसाच्या जिनिंगमध्ये रेच्यावर काढले. रेचा म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणारं यंत्र. रुईच्या धुळीत समोरचं दिसत नसताना, अडकलेला कापूस या हातांनी मोकळा केला. त्यात डाव्या करंगळीचं वरचं पेर गेलं. बाकी नऊ बोटं शाबूत घेऊन मी घरी आलो. आणि हा कालचा पोट्टा मला हाताचं सांगतो.

पंगतीला न बसता मी एसटी पकडली. बायको रस्ताभर बोलली नाही. वर्धेला उतरल्यावर स्टँडजवळच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानातून मी पत्त्यांचे दोन कॅट विकत घेतले, तेव्हा बोलली.

"अजी, हे काय करून राह्यले?"

"शिकतो."

"काय?"

"त्या पोट्ट्यानं केलं थे."

"पंगत सोडून आले आन् पत्ते घेऊन राह्यले," ती ऑटोवाल्याला म्हणाली, जसा काही तो आमच्या घरचाच. ऑटोवाला पिपरी मेघे येईपर्यंत आरशातून माझ्याकडे पाहत होता.

पिपरीत मुलानं घर बांधलं, तेव्हापासून आम्ही तिथंच राहतो. सुनेला म्हटलं, मोबाइलवर पत्त्यांची जादू शिकवणारं काही असेल तर लावून दे. तिनं एका हिंदी बोलणाऱ्या माणसाचे व्हिडिओ काढून दिले. त्याचं तोंड दिसत नव्हतं. हिरवं फडकं आणि दोन हात, एवढंच. मला ते बरं वाटलं. तोंडावरून मी माणसाबद्दल पुष्कळदा फसलो आहे, हातांवरून कमी. याचे हात घाई करत नव्हते.

शिकायचं ठरवणाऱ्याला मी आधीच सांगून ठेवतो, पहिला महिना जादूचा नसतो, पानं उचलण्याचा असतो. पत्ते हातात नुसते धरता यायला पंधरा दिवस लागले. घट्ट धरले तर उलगडत नाहीत, सैल धरले तर बावन्नच्या बावन्न जमिनीवर. वाकून वाकून कंबर धरली, तेव्हा मी खाटेवर मांडी घालून, मांडीवर चादर पसरून बसायला लागलो. पडली तर मांडीवरच पडतील. हे त्या हिंदीवाल्यानं नाही, माझ्या कमरेनं शिकवलं. एक दिवस वाटलं, कॅरमच्या फळीवर पावडर टाकली की सोंगटी पळते, तशी पानंही पळतील. घरातली कॅरमची पावडर पानांना चोळली. पळाली खरी, पण सगळी एकदम. मग हाताच्या घामानं ती पावडर भिजली आणि दुसऱ्या दिवशी पानं भज्यांच्या पिठात बुडवल्यासारखी एकमेकांना चिकटली. एक कॅट गेला. बायकोनं त्यातली पानं दूध उतू जाऊ नये म्हणून झाकणाखाली, टेबल हलू नये म्हणून पायाखाली, अशी घरभर लावली. कुठंही बसलो तरी चौकटचा गुलाम माझ्याकडे पाहायचा.

खरी अडचण करंगळीची. पुष्कळ करामतींमध्ये गठ्ठ्यात डाव्या करंगळीचं टोक अडकवून बारीक फट राखायची असते, म्हणजे समोरच्याचं पान कुठं आहे ते हाताला समजतं. टोकच नाही तर अडकवू काय? तीन आठवडे मी त्या थोट्या बोटाला शिव्या दिल्या. मग अनामिकेनं फट राखायला शिकलो. वेळ लागला, पण जमलं. आणि त्याचा फायदाच झाला. जाणकार माणूस करंगळीवर नजर ठेवतो. माझी करंगळी पाहून त्याला माझी दया येते, आणि दया आली की माणूस नीट पाहत नाही.

मग एक दिवस त्या हिंदीवाल्यानं पिसण्याची एक रीत दाखवली. गठ्ठा एका हातात, आणि दुसऱ्या हातानं वरून थोडी थोडी पानं ओढून तळहातावर सोडायची. तो म्हणाला, "थोड़ा मुश्किल है, रोज़ प्रैक्टिस कीजिए." मी पाहतच राहिलो. अरे, हे तर मी जिनिंगमध्ये जेवणाच्या सुट्टीत करत आलो! आमच्याकडे दुसऱ्या रीतीनं कोणी पिसतच नाही. तो सांगत होता की जगभरचे जादूगार या रीतीला हिंदू शफल म्हणतात आणि यात मोठी सोय आहे. पिसताना सगळ्यात खालचं पान शेवटपर्यंत त्याच हातात राहतं. समोरच्यानं "थांब" म्हटलं की हातातल्या गठ्ठ्याचं खालचं पान दाखवायचं. त्याला वाटतं, आपण थांबवलं म्हणून हे पान आलं. तुम्हाला ते आधीपासून माहीत असतं. 

इतकी वर्षं ते खालचं पान माझ्या हातात राहत होतं आणि मला पत्ता नव्हता.

मी तसाच उठून माझ्या भिडूकडे गेलो. भिडू म्हणजे पत्त्यांच्या खेळात समोर बसणारा जोडीदार. आमची जोडी जिनिंगमध्ये जमली, रुईच्या गाठीवर पत्ते मांडून. आता त्याच्याही पोरानं पिपरीतच घर बांधलं आहे, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. मी त्याला सगळं सांगितलं. तो बौद्ध, मी कुणबी. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तू पिसतं त्याले हिंदू शफल म्हनतेत. मंग मी पिसतो त्याचं काय नाव हाय बे?"

"थेच."

"थेच कसं? छप्पन्न सालीच माह्या बापानं सोडलं नं थे," तो म्हणाला, आणि आम्ही इतके हसलो की त्याची बायको पाणी घेऊन बाहेर आली.

आमचा अड्डा म्हणजे लेआउटच्या, प्लॉट पाडून वसलेल्या आमच्या वस्तीच्या, मोकळ्या जागेतलं टिनाचं शेड. दुपारी तीनला चौघं जमतो. मी, भिडू, शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर आणि कापूस बाजारात कारकुनी करून निवृत्त झालेला बाबू. मास्तर आणि बाबू एका बाजूचे, आम्ही दोघं एका बाजूचे. खेळ एकच, मेंढीकोट. तेरा तेरा पानं वाटायची. दश्शीला मेंढी म्हणतात. चार मेंढ्यांपैकी जास्त ज्यांनी ओढल्या त्यांचा डाव, आणि चारही ओढल्या तर समोरच्यावर कोट. पैसे लावत नाही. कोणावर किती कोट झाले ते मास्तर वहीत लिहितात, आणि महिन्याच्या शेवटी ज्यांच्यावर जास्त, त्यांनी सगळ्यांना आलूबोंडे चारायचे.

तिथं मी माझी जादू पहिल्यांदा केली. भिडूपुढे पत्ते उलगडले. म्हटलं, एक पान ओढ, मनात ठेव. त्यानं ओढलं, पाहिलं, डोक्यावर हात नेला आणि धाडकन सतरंजीवर आपटलं. "हा घे, इस्पिकचा राजा!"

"अबे, आपटाचं नाई! मले दिसू द्याचं नाई!"

"मंग ओढलं काऊन?"

"जादू हाय थे. मी ओळखतो आता."

"काय ओळखतं? राजा हाय, दिसते नं."

पुन्हा दिलं. पुन्हा आपटलं. त्याचा दोष नव्हता. आमच्याकडे पान हातात आलं की हात आपोआप वर जातो. चांगलं पान हळूच ठेवणारा माणूस आम्ही पाहिलेला नाही. शेवटी बाबूला म्हटलं तू ओढ, आणि भिडूला म्हटलं तू बाबूचा हात धरून ठेव. बाबूनं पान पाहिलं, परत ठेवलं, मी पिसलं आणि किलवरची पंजी काढून त्याच्यापुढे धरली.

बाबूनं ते पान घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, उन्हात धरून पाहिलं. मग म्हणाला, "अरे बाप्पा."

त्या 'अरे बाप्पा'साठी मी सात महिने घातले होते. दहा-बारा दिवस मी रोज काहीतरी दाखवलं. मास्तरही खुश होते. म्हणाले, "या वयात तुम्ही नवीन विद्या आत्मसात केलीत, कौतुक आहे." मास्तर असंच बोलतात, छापल्यासारखं.

आता माझी चूक सांगतो. मला गर्व आहे, आणि तो मी कधी लपवला नाही. एक दिवस मास्तरांनी विचारलं, यात सगळ्यात कठीण काय. मी म्हटलं, कठीण काही नाही. जगातले जादूगार जे पिसणं रोज घोटून शिकतात ते आपल्या हातात जन्मापासून आहे. आणि खालचं पान कसं हातात राहतं तेही सांगून टाकलं. करूनही दाखवलं. भिडूनं मला पायानं ढोसलं. मी लक्ष दिलं नाही.

चार दिवसांनी मी वाटलेल्या डावात आमच्याकडे चारही मेंढ्या आल्या. मास्तर-बाबूवर कोट. मास्तरांनी वहीत लिहिलं, पण पेन उचललं नाही, तसंच टेकवून बसले. पुढचा डाव बाबूनं वाटला, तो त्यांनी जिंकला. मेंढीकोटात नियम आहे, हरेल तो पिसेल. आम्ही हरलो, पिसायची पाळी माझी. मी पत्त्यांकडे हात नेला, तर मास्तरांनी पत्ते आपल्याकडे ओढले.

"तुम्ही खेळा," ते म्हणाले, "पण पिसू नका."

"काऊन?"

"राग मानू नका. पण तुमच्या हातात आता कला आहे. मनात किंतू येतो."

"कसला किंतू?"

मास्तर सतरंजीकडे पाहत म्हणाले, "तुम्हीच सांगितलंत ना, की तुम्ही आधीपासून असंच पिसता."

मला समजायला थोडा वेळ लागला. हा माणूस त्या एका कोटाबद्दल बोलत नव्हता. तो मागच्या सगळ्या वर्षांबद्दल बोलत होता. शेडमध्ये आम्ही आजवर जिंकलेला प्रत्येक डाव त्यानं एका वाक्यात संशयात टाकला.

मी म्हटलं, "मास्तर, तुम्हीबी असंच पिसता. बाबूबी असंच पिसते. सारा जिल्हा असंच पिसते."

"पण आम्हाला ते ठाऊक नव्हतं."

मी भिडूकडे पाहिलं. वाटलं, आता हा पत्ते फेकून उठेल. तो मान खाली घालून म्हणाला, "असू दे ना बे. तुह्या पाळीले मी पिसतो. काय फरक पडते?"

ते मला मास्तरांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. जिनिंगच्या फाटकावर सुटीच्या वेळी चौकीदार प्रत्येकाचा डबा उघडून पाहायचा. माझा त्यानं कधी उघडला नाही, आणि हे भिडूला माहीत होतं, कारण तो रोज रांगेत माझ्या मागे असायचा. मी उठलो. म्हटलं, "ज्याले पिसू देत नाई, तो बसत नाई," आणि चपला घालून निघालो.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी पुन्हा शेडकडे गेलो. आत गेलो नाही. समोरच्या कडुनिंबाखाली सिमेंटचा बाक आहे, त्यावर बसलो, खिशातून कॅट काढला आणि सराव करत बसलो. लपून करायचं कारण नव्हतं. ते मला पाहत होते, मी त्यांना. त्यांनी चौथा म्हणून किराणा दुकानदाराला बसवलं. त्याला मेंढी कधी टाकायची तेच समजत नव्हतं. भिडूचा आवाज बाकापर्यंत यायचा, "अबे भैताडा, एक्का खेळला होता नं त्यानं!" मी मनात म्हणायचो, भोग.

तीन आठवडे असे गेले. घरी बायको रोज विचारायची.

"अजी, सांगून टाका नं, जादू सोडली म्हना. मिटून जाईन."

"सोडली नाई. मंग खोटं काऊन सांगू?"

"मंग खरंच सोडा."

"नाई सोडत."

"त मंग त्यायचा खेळ सोडा. घरी बसा."

"थेबी सोडत नाई."

"मंग पायजे काय तुमाले?"

काय पाहिजे ते मला नीट माहीत होतं. मला माझी पाळी पाहिजे होती. मास्तरांना वाटत होतं, माणसाला लबाडी येतच नसेल तर तो प्रामाणिक. मी म्हणतो, जो करू शकत नाही त्याच्या इमानदारीचं कौतुक काय? बैल दारू पीत नाही म्हणून त्याचा कोणी सत्कार करत नाही. पण हे बायकोला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, बैलाले मधात काऊन आनता? म्हणून फक्त म्हटलं, "चहा ठेव."

एक दिवस सकाळीच भिडू घरी आला. राम राम, जय भीम झालं. चहा आला. तो बशीत ओतून प्याला, बशी खाली ठेवली आणि टेबलाच्या पायाखालचं पान पाहत बसला.

"दुकानदार येत नाई म्हनते आता," तो म्हणाला.

"तू शिव्या देतं त्याले."

"त काय आरती करू? काल हुकमाचा एक्का असून दुर्री मारली त्यानं." मग हळू आवाजात, "त्या दिवशी मले बोलाले पायजे होतं."

"पायजे होतं."

"मले वाटलं भांडन वाढन."

"वाढाले पायजे होतं."

"हव," तो म्हणाला. "आज चाल. तुह्याबिगर मीबी बसत नाई, असं सांगतो मास्तरले."

"तू काई सांगू नको," मी म्हटलं. "माह्यं मी सांगीन."

तीन वाजता मी शेडमध्ये गेलो आणि माझ्या जागेवर बसलो. मास्तर माझ्या डावीकडे, बाबू उजवीकडे. पत्ते मध्ये पडले होते. कोणी हात लावला नाही.

मी म्हटलं, "मास्तर, थे वही दाखवा."

त्यांनी वही दिली. मी ती उघडली आणि त्यांच्यापुढे धरली. "मी तिसरी शिकलो. तुमचं जोडाक्षराचं लिहिनं मले लागत नाई. इतले वर्ष झाले, कोनावर किती कोट थे तुम्ही लिहिता, महिन्याच्या आखरीले तुम्ही वाचून दाखवता, आन् आमी आलूबोंडे आनतो. मी कवा म्हतलं का, मास्तर, तुमाले लिहिता येते, तुमच्या हातात कला हाय, म्हनून तुम्ही लिहू नका?"

मास्तरांनी चष्मा काढला. बाबू सतरंजीचा दोरा ओढत बसला.

"ते वेगळं आहे," मास्तर म्हणाले.

"काय येगळं हाय?"

त्यांनी पुष्कळ वेळ विचार केला. माणूस शिकलेला आहे, शब्दांची कमी नाही. पण त्यांना सापडलं नाही. हे मी त्यांच्या बाजूनं सांगतो, की सापडलं नाही तर त्यांनी खोटं काही बोलूनही दाखवलं नाही. वही घेतली, मांडीखाली ठेवली आणि पत्ते माझ्याकडे सरकवले.

"पिसा," म्हणाले. "पण मी तीनदा काटेन."

"नियम एकदाचा हाय. तीनदा काटाचं असन त साऱ्यायचं तीनदा काटा. बाबूचंबी, तुमचंबी."

"अहो, पण..."

"मास्तर," बाबू पहिल्यांदा बोलला, "काटून टाका नं एकडाव. चार वाजून राह्यले."

मी पिसले. जसं नेहमी पिसतो तसंच, त्या हिंदू शफलनं. भिडू हसू दाबत होता. खालच्या पानाकडे मी पाहिलं नाही. मान वर करून मास्तरांच्या डोळ्यांत पाहत पिसले, म्हणजे माझी नजर कुठं आहे ते त्यांनाही दिसावं. त्यांनी एकदा काटलं. मी पाच, चार, चार अशी पानं वाटली.

आमच्यावर कोट झाला. चारही मेंढ्या त्यांच्याकडे.

मास्तरांनी वही काढली, पण लिहिण्याआधी माझ्याकडे संशयानं पाहिलं. "तुम्ही मुद्दाम हरलात."

"जिकलो असतो त चोर. हरलो त नाटक्या. मी करू काय मंग, मास्तर?"

"मी तसं नाही म्हणत..."

"लिहा कोट," मी म्हटलं आणि पत्ते गोळा केले. हरेल तो पिसेल. आणि नियमाचा पुढचा भाग असा, की हरणारा जोवर हरतो तोवर त्यानंच पिसायचं.

त्या दुपारी आम्ही हरतच राहिलो. असली भिकार पानं मी आयुष्यात पाहिली नाहीत. दुसरा डाव गेला, मी पिसले. तिसरा गेला, मी पिसले. चौथ्या डावाला मास्तर काटायचं विसरले, तर मीच पत्ते त्यांच्यापुढे धरून थांबलो, काटल्याशिवाय वाटणार नाही म्हटलं. पाचव्याला त्यांनी माझ्या हातांकडे पाहणं सोडलं आणि आपली पानं लावत बाबूला त्याच्या जावयाचं विचारू लागले. मी प्रत्येक वेळी सावकाश पिसत होतो. तीन आठवड्यांच्या पाळ्या माझ्याकडे थकल्या होत्या, त्या मी वसूल करत होतो.

पाचवा डावही गेला, वर कोट. भिडूचं तोंड लाल झालं. हातातली दुर्री, तिर्री त्यानं अशी आपटली की बाजूला बसलेलं कुत्रं उठून गेलं. मी पत्ते गोळा करायला लागलो, तसा तो सतरंजीवरून पुढे वाकला आणि सगळ्यांदेखत हात जोडून म्हणाला,

"अबे, सात महिने शिकला नं तू? लोकायच्या टोपीखालून पानं काढतं नं? मंग एक एक्का त दे मले! एकच मांगून राह्यलो!"

बाबू हसता हसता खोकायला लागला. मास्तर हसले नाहीत. पेन हातात धरून ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले, मी काय म्हणतो ते ऐकायला.

"नाई," मी म्हटलं.

"काऊन नाई?"

"येईन थे घेजो."

मी सहाव्यांदा पिसले आणि मास्तरांपुढे धरले. त्यांनी काटले. मी वाटायला सुरुवात केली, पहिली पाच पानं बाबूला, मग पाच भिडूला. भिडूनं ती उचलली, एकेक करून उघडली आणि मला अशी शिवी दिली की ती इथं सांगता येत नाही.